ड्रिल यंत्राचा चक : दोषपरीक्षा, दुरुस्ती आणि बदल

१. प्रास्ताविक

धातूच्या पट्टीला भोक पाडणे हे कारखान्यातील सर्वांत साधे काम समजले जाते. मानवाला ही कला फार प्राचीन काळापासून अवगत आहे. सिंधू संस्कृतीतील कारागीर कार्नेलियनच्या कठीण दगडाचे लांबट मणी घडवीत व त्यांतून आरपार बारीक भोक पाडीत. महाराष्ट्रातील सुतार पिढ्यान्‌पिढ्या सामता आणि गिरमिट वापरीत आला आहे. सामत्याच्या दांड्याला दोरीचा वेढा देऊन कमान पुढेमागे ओढली की दांडा गरगर फिरतो आणि टोकाचे पाते लाकूड कातरत खाली उतरते. आजचे विजेवर चालणारे ड्रिल यंत्र तत्त्वतः सामत्याचाच वंशज होय. मात्र त्यात एक महत्त्वाचा फरक आहे. सामत्याचे पाते दांड्यात कायमचे बसविलेले असे. ड्रिल यंत्रात ३ मिलिमीटरचे ड्रिल काढून क्षणात १० मिलिमीटरचे लावता येते. ही सोय ज्या भागामुळे लाभते त्यास चक म्हणतात.

चक हा यंत्राचा हात आहे. यंत्र कितीही बळकट असले, तरी हाताची पकड ढिली झाल्यास वा हात थरथरू लागल्यास काम बिघडते. म्हणून चकाची रचना, त्यात उद्भवणारे दोष, त्या दोषांची परीक्षा आणि त्यांवरील उपाय यांची माहिती प्रत्येक यंत्रशाळेतील विद्यार्थ्यास असणे अगत्याचे आहे.

२. मयूर विहारातील एक कल्पित उदाहरण

दिल्ली शहराच्या पूर्व भागात, यमुनेच्या पलीकडच्या तीरावर मयूर विहार नावाची विस्तृत वसाहत आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने बांधलेली घरे आणि सहकारी गृहसंस्थांच्या इमारती तेथे दाटीने उभ्या आहेत. वसाहतीस लागूनच नोएडा आहे, व जवळच पटपडगंजचे औद्योगिक क्षेत्र आहे. नदीकाठच्या या भागात उन्हाळ्यात धुळीच्या वावटळी येतात आणि पावसाळ्यात हवा दमट होते. धूळ आणि दमटपणा ही दोन्ही पोलादी यंत्रांची शत्रू होत.

समजा, तेथील एका गृहसंस्थेच्या तळमजल्यावर मुलांसाठी छंदशाळा चालते. तिच्यात टेबलावर ठेवावयाचे एक लहान ड्रिल यंत्र आहे. मुलांनी दुर्बिणीची बैठक तयार करावयास घेतली आहे. दोन पोलादी पट्ट्यांना ६ मिलिमीटरची चार-चार भोके पाडून त्या बोल्टांनी जोडावयाच्या आहेत. परंतु ड्रिल पट्टीवर टेकताच त्याचे टोक गोल गोल भटकते, भोके मोठी व वाकडी पडतात आणि पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या असता बोल्ट शिरत नाहीत. चक निकामी झाला, नवा आणावा, असे बहुतेकांचे मत पडते. शाळेच्या निधीत मात्र फारशी शिल्लक नाही. दोष खरोखर चकात नसेल, तर नवा चक आणूनही भोके वाकडीच पडतील आणि पैसा वाया जाईल. तेव्हा पहिला प्रश्न ‘कोणता चक घ्यावा?’ हा नसून ‘दोष नेमका कोठे आहे?’ हा आहे.

३. चकाची रचना

किल्लीने आवळावयाच्या तीन जबड्यांच्या चकाचा पाया अमेरिकेतील आर्थर जेकब्स याने घातला. त्याच्या चकास १९०२ साली पेटंट मिळाले. त्यापूर्वी स्टीफन मॉर्स याने १८६३ साली पीळदार ड्रिलाचे पेटंट घेतले होते. त्याच्या नावाने ओळखला जाणारा निमुळता बसका, म्हणजे मॉर्स टेपर, आजही जगभरच्या ड्रिल यंत्रांत व लेथमध्ये वापरला जातो.

चकाचे मुख्य भाग चार. पहिला गाभा. त्यात तीन तिरपी भोके असून ती खाली एकमेकांजवळ येत जातात. दुसरा भाग म्हणजे या भोकांत बसणारे तीन जबडे. ते परस्परांपासून १२० अंशांवर असतात व त्यांच्या बाहेरील अंगास आटे पाडलेले असतात. तिसरा भाग म्हणजे जबड्यांच्या आट्यांत गुंतणारा नट. हा नट अखंड नसून दोन अर्धुकांचा असतो, कारण अखंड कडे गाभ्याच्या खाचेत बसविता येत नाही. चौथा भाग म्हणजे नटावर घट्ट चढविलेली बाहेरची बाही. तिच्या कडेस तिरपे दाते असतात.

किल्लीचे टोक गाभ्यावरील भोकात घालून ती फिरविली की किल्लीचे दाते बाहीच्या दात्यांत अडकून बाही फिरते. बाहीबरोबर नट फिरतो आणि तीनही जबडे एकाच वेळी, सारख्याच अंतराने, तिरप्या भोकांतून खाली सरकतात. खाली सरकता सरकता ते मध्याकडे येतात आणि ड्रिलाची दांडी पकडतात. तीनही जबडे एकाच नटाने चालत असल्यामुळे ड्रिल आपोआप केंद्रस्थानी येते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नटाचा आटा मळसूत्राकार असल्यामुळे तीन जबड्यांवरील आट्यांची सुरुवात एकाच उंचीवर नसते. शेजारच्या दोन जबड्यांत आट्याच्या एका फेऱ्याच्या तृतीयांशाइतका फरक असतो. म्हणून जबड्यांवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात व प्रत्येक जबडा आपल्याच भोकात बसवावा लागतो. क्रम चुकल्यास तिन्ही टोके एका पातळीत येत नाहीत व चक ड्रिलास मध्यावर पकडू शकत नाही.

४. निमुळता सांधा कसा धरून ठेवतो?

चक यंत्राच्या फिरत्या दांड्यास, म्हणजे स्पिंडलास, बहुधा बोल्टाने वा खिळीने जोडलेला नसतो. नुसती एक निमुळती खुंटी तशाच निमुळत्या खोबणीत दाबून बसविलेली असते. ही किमया घर्षणाची आहे.

मॉर्स टेपरात सुमारे २० मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे खुंटीचा उतार मध्यरेषेशी सुमारे १ अंश २६ कला इतकाच कोन करतो. कोरड्या पोलादावर पोलाद घासताना घर्षणाचा गुणांक ०.१५ धरल्यास घर्षणकोन सुमारे ८ अंश ३२ कला येतो. खुंटीचा कोन घर्षणकोनाहून पुष्कळ लहान असल्यामुळे एकदा दाबून बसविलेली खुंटी आपोआप निसटत नाही. लाकडात मारलेली अरुंद पाचर जशी रुतून राहते, तसेच हे आहे. याउलट मिलिंग यंत्रांच्या ७:२४ या रुंद टेपरचा कोन सुमारे ८ अंश १८ कला आहे. तो घर्षणकोनाच्या जवळ जात असल्याने ती खुंटी केवळ घर्षणाच्या भरवशावर ठेवता येत नाही, लांब बोल्टाने वर ओढून धरावी लागते.

थोडे गणित केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. समजा, खुंटी ५०० न्यूटन बलाने वर दाबली. उताराचे मान ०.०२५ व घर्षणगुणांक ०.१५ आहे. तेव्हा खोबणीच्या भिंतींवर पडणारा एकंदर दाब ५०० ÷ (०.०२५ + ०.१५), म्हणजे सुमारे २,८६० न्यूटन होतो. पाचरीमुळे बल जवळजवळ सहापट झाले. आता खुंटी खाली ओढून काढण्यास लागणारे बल २,८६० × (०.१५ − ०.०२५), म्हणजे सुमारे ३५७ न्यूटन येते. खुंटीची सरासरी त्रिज्या ८ मिलिमीटर धरल्यास ती २,८६० × ०.१५ × ०.००८, म्हणजे सुमारे ३.४ न्यूटन-मीटर इतका पीळ सहन करील.

सांध्यावर तेलाचा थर राहिला तर काय होईल? घर्षणगुणांक घसरून ०.०५ झाला असे समजू. तितक्याच बलाने दाबल्यास भिंतींवरचा दाब वाढून ६,६६७ न्यूटन होईल खरा, परंतु खुंटी निसटण्यास आता केवळ १६७ न्यूटन पुरतील आणि पिळाची मर्यादा सुमारे २.७ न्यूटन-मीटरवर येईल. एका तेलकट चिंधीने सांध्याची धारणशक्ती निम्म्याहून कमी झाली. म्हणून निमुळता सांधा नेहमी स्वच्छ व कोरडा बसवावा, हा नियम आहे.

भोक पाडताना ड्रिलावर खाली जो जोर दिला जातो, त्याची प्रतिक्रिया खुंटीस वर ढकलते. हा जोर २,००० न्यूटन झाला, तर पकड वरील हिशेबाने चौपट होते. सांधा कामाच्या ओझ्यानेच अधिक घट्ट होतो, ही या रचनेची खुबी आहे. परंतु ड्रिल पट्टीच्या खालच्या बाजूने बाहेर पडते, त्या क्षणी हा आधार नाहीसा होतो. ड्रिलाचे पीळ पट्टीत मळसूत्रासारखे शिरून चकास उलट खाली ओढतात. चक गळून पडण्याचे प्रकार बहुधा याच क्षणी घडतात. तसेच ड्रिल यंत्रात मिलिंगचे पाते लावून कामाचा तुकडा आडवा सरकविला, तर बाजूच्या हादऱ्यांनी खुंटी हळूहळू सैल होते आणि फिरता चक खाली कोसळतो. ड्रिल यंत्राचा चक उभा जोर घेण्यासाठी आहे, आडवा जोर घेण्यासाठी नाही.

५. दोषांची लक्षणे

चकाचे दोष मुख्यतः पाच प्रकारांत मोडतात.

पहिला, चक सांध्यातून निसटणे. कारणे : तेल, धूळ, गंज, सांध्यावर पडलेले ओरखडे, किंवा खुंटी व खोबणी भिन्न मापांची असणे.

दुसरा, ड्रिलाचे टोक गोल भटकणे. कारणे : सांध्यात अडकलेला धातूचा कण, वाकलेली खुंटी, झिजलेले जबडे, किंवा स्पिंडलाची बेअरिंगे सैल होणे.

तिसरा, जबडे अडकणे. कारणे : आट्यांत साचलेला कीस, गंज, किंवा तडकलेला नट.

चौथा, किल्ली घसरणे. कारणे : किल्लीचे वा बाहीचे दाते झिजणे, अथवा दुसऱ्याच मापाची किल्ली वापरणे.

पाचवा, ड्रिलाची दांडी चकात फिरणे. कारणे : जबड्यांची टोके झिजून घंटेच्या तोंडासारखी पसरणे, किंवा किल्ली पुरेशी न आवळणे.

किल्ली घसरते असे दिसल्यास प्रथम किल्ली बदलून पाहावी, चक नव्हे. झिजलेली किल्ली चांगल्या चकाचेही दाते खाऊन टाकते.

६. दोषपरीक्षा

परीक्षेपूर्वी यंत्राचा विजेचा प्लग काढून ठेवावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही. यंत्र हातानेच फिरवावयाचे आहे.

या कामी तबकडीचे मापक, म्हणजे डायल गेज, उत्तम. ते टेबलावर घट्ट बसवून त्याचे टोक मोजावयाच्या पृष्ठभागास टेकवावे व स्पिंडल सावकाश एक फेरा फिरवावे. काट्याच्या सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान वाचनांतील फरक म्हणजे एकंदर डोल. मध्य प्रत्यक्षात या डोलाच्या निम्म्याने सरकलेला असतो.

ज्या शाळेत असे मापक नाही, तेथे कागदावर भागते. एकाच वहीचे ५० कागद दाबून त्यांची एकत्र जाडी मोजावी व ५० ने भागावे. बहुधा एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास येईल. नंतर एक टोकदार खिळा ठोकळ्यात पक्का बसवावा. चकात धरलेली सरळ गुळगुळीत पिन फिरवून ती जेथे सर्वांत पुढे येते तेथे खिळा तिला जेमतेम टेकवावा. ठोकळा न हलविता पिन अर्धा फेरा फिरवून मधल्या फटीत किती कागद सरकतात ते पाहावे. दोन कागद सरकले, तर डोल सुमारे ०.२ मिलिमीटर आहे.

परीक्षा वरून खाली, पायरीपायरीने करावी.

(अ) चक व खुंटी काढून स्पिंडलाच्या खोबणीच्या आतल्या भिंतीवर मापकाचे टोक टेकवावे. येथे डोल एक-दोन शतांश मिलिमीटरहून स्पष्टपणे अधिक असेल, किंवा स्पिंडल हाताने आडवे हलविता हलत असेल, तर दोष यंत्राच्या बेअरिंगांत वा स्पिंडलात आहे. नवा चक आणून काहीही साधणार नाही.

(आ) चक पुन्हा बसवून त्यात सरळ पिन धरावी. जबड्यांखाली २५ मिलिमीटरवर व ७५ मिलिमीटरवर डोल मोजावा. दोन्ही ठिकाणी तो जवळजवळ सारखा असेल, तर चक मध्यापासून समांतर सरकलेला आहे. खाली जाता जाता तो वाढत असेल, तर चक कलला आहे. कलण्याचे नेहमीचे कारण म्हणजे निमुळत्या सांध्यात अडकलेला धातूचा बारीक कण.

(इ) स्पिंडलावर व चकावर खडूने समोरासमोर खुणा कराव्या. खुंटी काढून ती अर्ध्या फेऱ्याने वळवून पुन्हा बसवावी. मॉर्स खुंटीच्या शेपटीमुळे ती खोबणीत याच दोन स्थितींत बसू शकते. आता डोलाचा उंच बिंदू स्पिंडलाच्या खुणेपाशीच राहिला, तर दोष स्पिंडलात आहे. तो चकाच्या खुणेबरोबर सरकला, तर दोष चकात वा खुंटीत आहे. ही एक कसोटी पुष्कळ वादांचा निकाल लावते.

(ई) चक खुंटीपासून वेगळा करून केवळ खुंटीच्या खालच्या टोकाचा डोल मोजावा. खुंटी सरळ निघाली, तर दोष चकाचा ठरतो.

मयूर विहारातील छंदशाळेत या परीक्षेची वाचने अशी आली असे समजू : खोबणीत ०.०१ मिलिमीटर, पिनेवर २५ मिलिमीटर खाली ०.२४ व ७५ मिलिमीटर खाली ०.२६, वळविल्यावर उंच बिंदू चकाबरोबर सरकला आणि एकट्या खुंटीवर ०.०२. निष्कर्ष सरळ आहे. यंत्र निर्दोष, खुंटी निर्दोष. चक कललेला नाही, परंतु जबडे ड्रिलास मध्यावर धरीत नाहीत. तेव्हा चक उघडून पाहावयास हवा.

७. चक काढणे

ज्या यंत्राच्या स्पिंडलात मॉर्स खोबणी असते, त्याच्या सरकत्या नळीला एक आरपार चीर ठेवलेली असते. नळी खाली आणून स्पिंडल फिरविल्यास दोन्ही चिरा एका रेषेत येतात. त्यांतून खुंटीची चपटी शेपटी दिसते. चिरेत निमुळती पट्टी, म्हणजे ड्रिफ्ट, घालावी. तिची गोलाकार कड वर व सपाट कड खाली शेपटीवर यावी. मग हातोडीचा हलका ठोका देताच खुंटी सुटते. चक खाली आदळून टेबलास खोच पडू नये व चकही बिघडू नये, म्हणून खाली लाकडी ठोकळा ठेवून एका हाताने चक धरावा. शेपटीचे खरे कार्य हेच आहे. चकास फिरविण्याचे काम घर्षण करते, शेपटी नव्हे.

काही लहान यंत्रांत स्पिंडलाचेच खालचे टोक निमुळते असते व चक त्यावर खालून चढविलेला असतो. तेथे चकाचा माथा व स्पिंडलाची खांदी यांच्या मधल्या फटीत काट्याच्या आकाराच्या दोन पाचरी समोरासमोरून घालून त्या एकाच वेळी ठोकाव्या. चकाच्या बाजूवर हातोडी मारणे सर्वथा वर्ज्य होय. त्या आघाताने बेअरिंगांतील गोळ्या आपल्या वाटेत खळगे पाडतात, आणि चकाचा दोष काढता काढता यंत्राचा दोष निर्माण होतो.

काही चक आट्यांवर बसविलेले असतात. त्यांचे जबडे पूर्ण उघडून आत पाहावे. आत स्क्रू दिसल्यास तो बहुधा डाव्या आट्याचा असतो, म्हणजे तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरविला असता सुटतो. हे न जाणता नेहमीप्रमाणे जोर लावणारा मनुष्य तो अधिकच आवळून तोडून ठेवतो.

८. स्वच्छता व दुरुस्ती

चक प्रथम न उघडताच धुवावा. जबडे पूर्ण बाहेर काढून तो रॉकेलमध्ये काही तास बुडवून ठेवावा. जबडे आतबाहेर करीत ब्रशाने कीस काढावा व कोरड्या चिंधीने पुसावे. रॉकेलजवळ विस्तव वा ठिणगी नसावी. पुष्कळ चक एवढ्यानेच सुधारतात. छंदशाळेच्या उदाहरणातही एका जबड्याच्या आट्यात रुतलेला पोलादी कण निघाला आणि डोल ०.२४ वरून ०.०९ मिलिमीटरवर आला असे समजू. साध्या किल्लीच्या चकास एवढा डोल चालण्याजोगा असून दुर्बिणीच्या बैठकीच्या कामास तो पुरेसा आहे. तेथे निधीतील एक रुपयाही खर्च करावा लागला नाही.

धुऊनही दोष राहिल्यास चक उघडावा. जबडे गाभ्यात घेऊन, बाहीस नळीचा सर्व बाजूंनी सारखा आधार देऊन, दाबयंत्राने बाही नटावरून सरकवावी लागते. दाबण्याची दिशा उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे असावी. बाही निघताच नटाची दोन अर्धुके सुटतात. ती कोणत्या बाजूने कशी होती याची व जबड्यांच्या क्रमाची नोंद आधीच करावी. तडकलेला नट वा तुटलेल्या आट्यांचे जबडे बदलावे लागतात. काही नामांकित चकांसाठी जबडे व नट यांचा जोडसंच मिळतो. तो न मिळाल्यास चक बदलणेच श्रेयस्कर. जुळवताना तिन्ही जबड्यांची टोके एका पातळीत आणून मगच नट बसवावा.

जबड्यांची टोके घंटेसारखी पसरली असतील, तर ती घासून सरळ करणे तज्ज्ञ कारागिराचे काम आहे. कानशीने असा प्रयत्न केल्यास तीन जबडे तीन मापांचे होतात.

सांध्यावरील बारीक गंज अतिशय मऊ पॉलिश कागदाने एकदोन हात फिरवून काढावा, अधिक नाही. निमुळत्या पृष्ठभागाचा आकार बिघडला तर पकड गेली. पृष्ठभाग एकमेकांस कसे भिडतात हे पाहण्यासाठी खुंटीवर प्रशियन निळ्या रंगाचा पातळ हात द्यावा व ती खोबणीत किंचित फिरवून काढावी. रंग सर्वत्र सारखा पुसला गेला, तर सांधा निर्दोष. एका टोकालाच पुसला गेला, तर उतार जुळत नाही.

९. नवा चक निवडताना

बदल अटळ ठरला, तर जुना चक बरोबर घेऊनच बाजारात जावे. दिल्लीचा चावडी बाजार, मुंबईची नागदेवी गल्ली वा पुण्याची बोहरी आळी येथे अवजारांची दुकाने पुष्कळ आहेत, परंतु दुकानदार माप विचारतो आणि ग्राहक केवळ ‘अर्ध्या इंचाचा’ एवढेच सांगतो. अर्धा इंच, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटर, ही चकाच्या तोंडाची धारणशक्ती झाली. मागचा निमुळता सांधा कोणता, हे त्यावरून कळत नाही.

मॉर्स टेपरास क्रमांक असतात. मोठ्या टोकाचा व्यास क्रमांक १ चा १२.०६५, क्रमांक २ चा १७.७८० व क्रमांक ३ चा २३.८२५ मिलिमीटर असतो. चकाच्या मागील आखूड खोबणीची मापे मात्र निराळी असून त्यांत दोन कुळे आढळतात. एक जेकब्स टेपरचे, दुसरे ‘बी’ अक्षराने ओळखले जाणारे मेट्रिक कूळ.

या दोहोंतील गफलत फार घडते. जेकब्स ३३ क्रमांकाच्या टेपराचा मोठा व्यास सुमारे १५.८५ मिलिमीटर व बी-१६ टेपराचा १५.७३ मिलिमीटर असतो. फरक एका कागदाच्या जाडीएवढाच, म्हणून डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. परंतु उतार भिन्न आहेत. तो असा काढावा : खुंटीचा मोठा व्यास १५.८५, लहान व्यास १४.२४ आणि मधली लांबी २५.४ मिलिमीटर असेल, तर (१५.८५ − १४.२४) ÷ २५.४ = ०.०६३. म्हणजे सुमारे १६ मिलिमीटरमागे १. हा जेकब्स ३३ होय. बी-१६ मध्ये २० मिलिमीटरमागे १ असा मॉर्सचाच उतार असतो व २४ मिलिमीटर लांबीत व्यास केवळ १.२ मिलिमीटरने घटतो. एकावर दुसरा चढविल्यास तो एका अरुंद कड्यावर टेकतो, हातास घट्ट लागतो, आणि पहिल्या जड कामात डोलत निसटतो.

१०. चक बसविणे

दोन्ही पृष्ठभाग कोरड्या स्वच्छ कापडाने पुसावे व शेवटी बोट फिरवून पाहावे. डोळ्यांस न दिसणारा कण बोटास लागतो. जबडे पूर्णपणे गाभ्यात घ्यावे. ते बाहेर राहिल्यास ठोक्याचा भार जबड्यांवरून नटावर जाऊन नट तडकतो. खुंटीची शेपटी चिरेच्या दिशेत आणून चक वर झटकून बसवावा. नंतर टेबलावर लाकडी ठोकळा ठेवून यंत्राच्याच हँडलाने चक त्यावर दाबावा, किंवा लाकडी मोगरीचा एक सरळ ठोका द्यावा. पुन्हा डोल मोजून तो चकाच्या खुणेसह यंत्राच्या वहीत लिहून ठेवावा. पुढे दोष आल्यास हाच आकडा तुलनेस उपयोगी पडतो.

ड्रिल लावताना किल्ली एकाच भोकात न आवळता तिन्ही भोकांत क्रमाने आवळावी. त्यामुळे तिन्ही जबड्यांवर भार सारखा पडतो.

११. सावधगिरी

किल्ली चकात राहून यंत्र सुरू होणे हा सर्वांत सामान्य व सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात आहे. किल्लीचे टोक मध्यापासून ६० मिलिमीटर दूर असून यंत्र मिनिटास १,४४० फेरे करीत असेल, तर ती सेकंदास सुमारे ९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर वेगाने उडेल. म्हणून हात किल्लीवरून काढावयाचा तो किल्ली चकातून काढल्यानंतरच, अशी सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

हातमोजे, ओढणी, सैल बाह्या व मोकळे केस फिरत्या चकाजवळ नसावे. चष्मा घालावा. कामाचा तुकडा हाताने न धरता शिकंज्यात आवळावा. चकास हाताने अडवून थांबवू नये.

दिल्लीसारख्या धुळीच्या व पावसाळ्यात दमट होणाऱ्या हवेत काम संपताच चक पुसून त्याच्या बाहेरील भागास तेलाचा पातळ हात द्यावा व यंत्रावर कापड झाकावे. निमुळत्या सांध्यात मात्र तेल जाऊ देऊ नये.

१२. उपसंहार

चकाची किंमत यंत्राच्या मानाने थोडी असते, म्हणून तो बिघडला की फेकून द्यावा, असा समज वाढत आहे. परंतु परीक्षेवाचून केलेला बदल म्हणजे निदानावाचून दिलेले औषध होय. काही वेळा बदल आवश्यकच असतो. तडकलेला नट वा पसरलेले जबडे असलेला चक वापरीत राहणे ही काटकसर नव्हे, तो हातांशी केलेला जुगार आहे. दुरुस्ती कोठे थांबवावी आणि बदल कोठे करावा हे मोजमापावरून ठरते. ज्या विद्यार्थ्याने एकदा वहीच्या कागदाने डोल मोजून दोष कोठे आहे ते शोधले, त्यास यंत्र कधीही परके वाटत नाही.

स्वाध्याय

१. जबड्यांवर क्रमांक का कोरलेले असतात? क्रम चुकल्यास काय घडेल?

२. एका खुंटीचा मोठा व्यास १५.७३, लहान व्यास १४.५३ व मधली लांबी २४ मिलिमीटर आहे. उतार काढून ती कोणत्या कुळातील आहे ते सांगा.

३. खुंटी अर्ध्या फेऱ्याने वळवून बसविल्यावर डोलाचा उंच बिंदू स्पिंडलाच्या खुणेपाशीच राहिला. नवा चक घ्यावा काय? कारण द्या.

४. ड्रिल पट्टीतून बाहेर पडताना हँडलावरील जोर का कमी करावा?

५. आपल्या शाळेतील ड्रिल यंत्राचा डोल शिक्षकांच्या देखरेखीखाली, प्लग काढून, कागदाच्या साह्याने मोजा व तारखेसह नोंद ठेवा.